पुढची सीट

“आत्ती, तुम्ही मागं बसा. पुढं ऊन लागतंय,” असं म्हणत शालननं जीपचं दार उघडलं आणि माझ्याआधी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

जोतिबाच्या डोंगरावर, चार माणसांत. कपाळावरचा गुलाल अजून ओला होता. माघ महिना, ऊन कसलं लागतंय? शालन माझी थोरली सून. आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, माझ्या हाताखाली शिकली, आणि आता सासूला बसायची जागा दाखवत होती.

“मी काय लोण्याची हाय वितळायला?” मी म्हटलं.

“तसं न्हवं, आत्ती. मागं ऐसपैस बसाल.”

ऐसपैस! मागं धाकटी सून मंगल दोन मांड्यांवर दोन जुळे घेऊन बसलेली. शालनची दोन पोरं, नारळाचं पोतं, नैवेद्याची बुट्टी, आणि उरलेल्या जागेत मी. जुळ्यांची जावळं काढायला आलो होतो. त्यांचा बाप, माझा धाकटा सर्जेराव, जीपमध्ये मावलाच नाही. तो आपल्या थोरल्या पोरीला घेऊन मोटारसायकलवरनं मागनं येत होता.

स्टिअरिंगवर माझा थोरला, रंगराव. बायकोनं आईला मागं ढकललं, तरी हा गप्प. फडकं घेऊन काच पुसत बसला होता. पुसलेलीच काच परत परत.

जीप सुटली आणि शालनचं तोंड सुटलं.

“बाई बाई, कडेला केवढा ट्रक उभा केलाय. ... वळणावर एसटी येतीया बघा. ... म्हातारा म्हशी घेऊन चाललाय, डाव्या अंगाला. ... शेंगा विकणाऱ्या बायका ह्या, निम्म्या रस्त्यातच बसल्यात की.”

“शालन,” मी मागनं म्हटलं, “रस्ता आम्हांला पण दिसतोय.”

“व्हय, आत्ती.” एक श्वास घेतला असेल नसेल. “पुढं सायकल हाय. दोघं बसल्यात.”

मंगल माझ्या कानाशी लागली, “जाऊबाईंना एसटीत कंडक्टर करायला पायजे हुतं.”

“कंडक्टर घंटी मारून गप्प तरी बसतो,” मी म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं. शालननं मान वळवली नाही. नवरा-बायको दोघं समोर बघत होते, जसं काही दोघं मिळून गाडी चालवत होते.

निपाणी सोडली आणि धाकट्या जुळ्यानं मंगलच्या लुगड्यावर ओकारी काढली. त्याचं बघून दुसऱ्यानं. शालनच्या पोराचा पाय बुट्टीखाली अडकला, ते भोकाड पसरून बसलं. गडहिंग्लजला घरी पोचलो तर मागनं सर्जेराव आला. पोरगी पेंगायला लागली म्हणून त्यानं तिला उपरण्यानं आपल्या पोटाला बांधून आणली होती. पोरीच्या हाताची बोटं गारठून वाकडी झाली होती, ती मी माझ्या तळहातात चोळून सरळ केली.

“आक्का, आता बास,” सर्जेराव उंबऱ्यातच मला म्हणाला. “मोठी गाडी घ्यायची. सगळी एकात बसतील अशी.”

“घेऊ,” मी म्हटलं.

“नको,” रंगराव म्हणाला.

आमच्या घरात मी ‘घेऊ’ म्हटल्यावर कुणी ‘नको’ म्हणत नसे. बाजारपेठेत आमचं मिरचीचं दुकान, मागं डंक, म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. मालक गेले तेव्हा पेठेतली माणसं म्हणाली, आता ही दुसरीतनं शाळा सोडलेली बाई काय करणार? बाईनं काय केलं ते त्यांनी बघितलं. मिरचीचा भाव मी ठरवायचे, तिजोरी मी उघडायचे, कुणाच्या लग्नात किती आहेर तेही मीच. दुकानाच्या गल्ल्यावर सर्जेराव बसायचा, मालाचा टेंपो तोच चालवायचा. जीप मात्र मालक असल्यापासनं थोरल्याच्या हातात. तिच्या स्टिअरिंगला सर्जेरावानं कधी हात लावला नाही, आणि लावायचा प्रश्नही नव्हता.

“नको का?” मी विचारलं.

“जीप चांगली चालतीया.”

“चालतीया, पण मावतंय कोण तिच्यात?”

“मोठी गाडी आपल्या बोळात वळायची न्हाई.”

“मी दोरीनं मापलंय, दादा,” सर्जेराव म्हणाला. “वळती.”

“दारात सावली न्हाई उभी करायला.”

“पत्रा मारू.”

“डिझेल लई पिती.”

“तू पितोस का मी पितोय? पिऊ दे की तिला.”

पोरं हसली. रंगराव हसला नाही. “नको म्हणजे नको,” म्हणाला आणि डंकाकडं निघून गेला. जाताना दाराच्या कडेला ठेवलेल्या बादलीला त्याचा पाय लागून सगळं पाणी पुढच्या सोप्यात सांडलं. मला वाटलं, रागानं लाथ मारली.

पुढचे काही दिवस घरात नुसती धुसफूस. मंगल चुलीपुढं भांडी आपटायची. “पुढची सीट सुटायची म्हणून नको वाटत असंल कुणालातरी,” म्हणायची. शालन ऐकून न ऐकल्यासारखी करायची, पण तिच्या हातची भाकरी करपायला लागली. एका जेवणाला सर्जेरावानं ताट सरकवलं.

“दादा, सरळ सांग. माझी पोरं वाढली, ते तुला खुपतंय.”

“सर्ज्या, तोंड सांभाळ.”

“मग दुसरं काय कारण हाय ते सांग की. हाय का एक तरी? न्हाई. मग मी माझी घेतो गाडी. गाडी येगळी, तर चूलबी येगळी.”

मालक असताना हा शब्द ह्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मंगलच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कळलं, खोलीत बोलणी झालेली होती. कदाचित भाड्याचं घरही बघून ठेवलेलं असेल. घास मी कोरडाच गिळला, पाणी प्याले नाही. त्यांच्यासमोर पाणी प्यायचं म्हणजे हरल्यासारखं.

“मी जिवंत असताना ह्या घरात दुसरी चूल पेटणार न्हाई,” मी म्हटलं. “गाडी दारात बोलवा. चालवून बघू आणि ठरवू. आणि आणखी एक ऐकून ठेवा सगळ्यांनी. नव्या गाडीत पुढं मी बसणार.”

शालन आमटी वाढत होती. पळी ताटात पडली.

कोल्हापुराहून कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला तो कलत्या दुपारी. पांढरी, उंच, म्हशीसारखी रुंद. पेठेतली माणसं गोळा झाली. सर्जेराव टेंपो घेऊन संकेश्वरला गेला होता. मंगल जुळ्यांना निजवत होती. मी नऊवारी झाडली, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर आले.

“चल, रंगा. चालवून दाखव.”

“कंपनीचा माणूस चालवंल की.”

“घ्यायची आपल्याला आणि चालवायची त्यानं? का रं, भ्यालास का नव्या गाडीला?”

लोकांसमोर म्हटलं. मुद्दामच. त्याला खिजवल्याशिवाय तो हलायचा नाही, हे मला ठाऊक होतं. त्यानं ओठ मिटले आणि चढून बसला. मी दुसऱ्या बाजूला गेले तर शालन आधीच पायरीवर पाय ठेवून उभी.

“उतर खाली.”

“आत्ती, आजचा दिवस...”

“उतर म्हणते न्हवं!” मी तिच्या दंडाला धरून बाजूला केलं. सगळी पेठ बघत होती. ती खाली मान घालून मागं गेली आणि बरोबर रंगरावाच्या पाठीमागं बसली. कंपनीचा माणूस तिच्या शेजारी बसला आणि गाडीच्या काचा आपोआप कशा खाली होतात ते मला सांगायला लागला.

बोळातनं गाडी सुखरूप निघाली. तिथला दगड नि दगड रंगरावाच्या ओळखीचा. आजऱ्याच्या रस्त्याला लागलो तशी शालन पुढं वाकली आणि तिचं सुरू झालं, “डाव्या अंगाला शाळेची पोरं हाईत...”

“शालन, आज मला ही गाडी बघू दे. एक अक्षर बोललीस तर इथंच उतरवीन.”

“पण आत्ती...”

“गप्प!”

ती गप्प बसली. रंगरावानं गाडी हळू केली. माणूस नाही, गाडी नाही, मोकळा डांबरी रस्ता, आणि हा बैलगाडीच्या चालीनं चाललेला.

“पळव की जरा,” मी म्हटलं. “का ढकलत न्यायची हाय?”

त्यानं वेग वाढवला. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूला जुनी वडाची झाडं, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. उन्हातनं त्या सावलीत शिरलो आणि मला डाव्या हाताच्या, शेताकडच्या पाणंदीतनं उसानं भरलेली गाडी रस्त्यावर येताना दिसली. बैलांची तोंडं रस्त्यावर आली होती. मला दिसली म्हणजे त्यालाही दिसली असणार, आता थांबवेल, असं मला वाटलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो सरळ समोर बघत होता. पाय हलला नाही. चेहऱ्यावर काही नाही. निवांत.

“उजवीला! उजवीला घ्या, बैलगाडी!” शालन मागनं किंचाळली.

तिचं किंचाळणं आधी, त्याचे हात नंतर. त्यानं डावीकडं बघितलंच नाही. उजवीकडंही बघितलं नाही, तिकडं कोण आहे नाही. नुसतं ऐकलं आणि वळवली. बैलाचं शिंग माझ्या काचेला घासून गेलं, गाडी रस्ता सोडून मऊ मातीत शिरली आणि गचका खाऊन थांबली.

गाडीवान उडी मारून धावत आला. “डोळं फुटलं काय रं तुझं?”

रंगरावाच्या बोटांची पकड सुटेना. मी काच खाली केली. आपोआप झाली ती.

“तुझं फुटल्यात,” मी गाडीवानावर ओरडले. “पाणंदीतनं येताना हाळी द्यायला तोंड न्हाई तुला? म्हातारं माणूस बसलंय आत, दिसत न्हाई? कुणाचा रं तू? ऊसतोडीच्या कुठल्या टोळीचा?”

तो वरमला. कंपनीचा माणूसही म्हणाला की चूक गाडीवानाचीच, आणि साहेबांनी काय प्रसंगावधान दाखवलं. परतताना गाडी त्यानंच चालवली. रंगराव माझ्या मागं बसला होता. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. तो खिडकीकडं तोंड करून बसला होता आणि डोळे मिटलेले होते.

घरात कुणाला काही कळलं नाही. “बरी हाय गाडी,” एवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या खळ्यात मिरची वाळत घातलेली होती. बायका जेवायला गेल्या होत्या. शालन एकटी देठ खुडत बसली होती. मी तिच्यासमोर बसकण मारली आणि एक मूठ मिरच्या पुढ्यात ओढल्या.

“किती दिवस झालं?” मी विचारलं.

तिनं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. “मामंजी गेल्याच्या आधीपास्नं.”

“काहीच दिसत न्हाई?”

“समोरचं दिसतं. कडंचं न्हाई. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला तर सापडत न्हाई. आणि उन्हातनं सावलीत गेलं की काळं हुतं म्हणं.”

“म्हणं? तुला सांगितलंय ना त्यानं?”

“न्हाई, आत्ती. झोपेत बडबडले एकदा. मिरजेला दाखवून आले हुते एकटेच. आल्यावर दोन दिवस जेवले न्हाईत. मी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई.” तिनं एक देठ खुडला. “मी फक्त रस्ता बोलते.”

मिरचीच्या खाटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खळ्यात बसलं की येतंच.

“अगं, पोरं असायची गाडीत. तुझी, मंगलची. तुला भ्या वाटलं न्हाई?”

“रोज वाटतं. म्हणून तर पुढं बसते. जीप त्यांच्या हाताची हाय, आवाजावर कळती त्यांना. नवी गाडी आली की संपलं, हे त्यांना बी कळतंय.”

“मग सोडायला सांगायचंस.”

शालननं पहिल्यांदा माझ्याकडं वर बघितलं. मला उलटून बोलायची तिची छाती नव्हती कधी. त्या दिवशी बोलली.

“कसं सांगू, आत्ती? कारभार तुमच्याकडं. दुकान भावजींकडं. ह्यांच्याकडं काय हाय? गाडी. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला स्टँडवर सोडायचं, तर रंगरावाला बोलवा. तेवढ्यासाठी माणसं हाक मारत्यात त्यांना. ती बी काढून घेतली, तर हे सोप्यात बसून काय करतील?”

“मला शिकवू नगंस,” मी म्हटलं आणि उठले. दुसरं काय म्हणणार? उठताना गुडघा धरावा लागला. ती पुढं आली, पण मी तिचा हात घेतला नाही.

मी खूप विचार केला. गाडी नाही घेतली, तर सर्जेराव चूल वेगळी करणार. घेतली आणि सर्जेरावाच्या हातात दिली, तर थोरला आतनं मरणार. खरं सांगितलं, तर गावभर होणार, आणि ज्या माणसानं बायकोलाही सांगितलं नाही, त्याचं मी पेठेत कसं मांडू? माझं पोर आहे ते. माझ्याच सारखं ताठ.

रविवारी बाजार आटोपल्यावर मी सगळ्यांना सोप्यात बोलावलं. पोरांना परसात पिटाळलं. सर्जेराव तयारीनंच आला होता, शर्ट-पॅंट घालून, जणू कोर्टात. मंगल खांबाला टेकून उभी. शालन चौकटीत. रंगराव माझ्यासमोर, पाटावर.

“गाडी घ्यायची,” मी म्हटलं. “पांढरीच.”

सर्जेरावानं मंगलकडं बघितलं.

“आणि तिला ड्रायव्हर ठेवायचा.”

“ड्रायव्हर कशाला, आक्का?” सर्जेराव म्हणाला. “मी हाय की.”

“तू दुकान सोडून बायकापोरांना माहेरी पोचवत फिरणार?”

रंगरावाचा चेहरा उतरला. “का? माझ्या हाताला काय झालंय?”

चौकटीत शालननं पदर तोंडात धरला.

“तुझ्या हाताला कायबी झालं न्हाई,” मी म्हटलं. “पण घराचा कर्ता माणूस स्टिअरिंगवर बसत न्हाई. तुझा बाप कधी बसला व्हता? कर्ता मधल्या सीटवर बसतो आणि ड्रायव्हर दार उघडतो.”

“कर्ता तू हाईस.”

“व्हते.”

कमरेची किल्ल्यांची जुडी मी सोडली. मालक गेल्यापासनं ती आंघोळीपुरतीसुद्धा मी लांब ठेवली नव्हती. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. कुणी मदतीला आलं नाही, कुणाला खरंच वाटत नव्हतं.

“उद्यापास्नं मिरचीचा भाव तू ठरवायचा. मिरची काय डोळ्यानं बघायची नसती, हातानं आणि नाकानं बघायची असती. दाखवीन मी. तिजोरी तुझी, आहेर-माहेर तुझं. मी आता देव करणार.”

“आक्का!” सर्जेराव उभाच राहिला. “म्हंजे गाडी घेऊ द्यायची, तर दादाला कारभार द्यायचा? असा सौदा केला त्यानं तुझ्याशी? म्हातारीकडनं किल्ल्या काढून घेतल्या? दादा, ह्यासाठी नको-नको करत हुतास व्हय?”

“मी काय मागितलं न्हाई,” रंगराव म्हणाला.

“मागितल्याबिगर आक्का देती? आमची आक्का?”

“सर्जेराव, खाली बस,” मी म्हटलं. “मी दिल्यात. तुला पोरांसाठी गाडी पायजे हुती, आली. आता चूल येगळी म्हणायला तुला तोंड न्हाई. रंगा, हात पुढं कर.”

त्यानं हात पुढं केला. किल्ल्यांच्या वीतभर डावीकडं. सोप्यात अंधारूनच असतं. त्याचा तळहात रिकाम्या जागेत उघडा थांबला, आणि त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की त्याला कळलंय.

मी त्याचं मनगट पकडलं आणि जुडी त्याच्या तळहातावर आपटली. खणखणून आवाज झाला.

“एवढा राग, आक्का?” मंगल म्हणाली.

“आला राग,” मी म्हटलं. “आईकडनं कारभार जाताना राग येणार न्हाई तर काय पेढं वाटू?”

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते जुळे मिशा पिळतात. पेठेत आणि पाहुण्यांत अजून सांगतात की थोरल्यानं एका गाडीपायी आईची किल्ली काढून घेतली आणि आक्का हात चोळत बसली. बारशाला बायका माझ्या तोंडाकडं बघून च्च च्च करतात. मी विडा खाते आणि गप्प बसते. गप्प बसायची मला सवय नव्हती, ती लावून घेतली.

त्या रविवारी सगळी आत गेली तरी रंगराव पाटावरच बसून होता. जुडी दोन्ही हातांत धरलेली, एकेक किल्ली बोटांनी चाचपत.

“आक्का,” तो हळूच म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?”

“काय सांगायचं असतं?” मी म्हटलं. “ऊठ. कोल्हापूरला फोन लाव आणि गाडी सांग.”